नऊ मिलिमीटरचा कडुलिंब

यंदा आमच्या सोसायटीतला कडुलिंब महाशिवरात्रीच्या आधीच गळायला लागला. सावेडीतल्या या चार मजली इमारतीला झाड एकच, आणि तक्रारी मात्र प्रत्येक फ्लॅटच्या. स्कूटीच्या सीटवर पाला, जिन्यात पाला, गटाराच्या जाळीवर पाला. सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी फोटो टाकतं. काल एका सद्‌गृहस्थांनी फांद्या बुंध्यापासून छाटायची सूचना मांडली, आणि तासाभरातच त्यांनीच कडुलिंबाच्या पाल्याने बरे होणाऱ्या आजारांची लांबलचक यादी त्याच ग्रुपवर पुढे ढकलली. मधुमेहापासून केस गळण्यापर्यंत सगळं त्यात होतं. झाड नको, पाला मात्र अमृत. मी दोन्हीवर काही लिहिलं नाही, कारण मी लिहायला बसले की लांबते.

सीटवरचा पाला झटकला की बोटांना तो कोरडा, कडसर वास लागतो आणि सुप्याच्या कंपनीची बस येईपर्यंत राहतो. सुप्याच्या एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. पण या दिवसांत तो वास मला सुप्याला नेत नाही. तो मला नगरच्या कॉलेजातल्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन सोडतो, एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात. माघ संपत आलेला, खिडक्यांतून कोरडं ऊन टेबलांवर आलेलं, आणि निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह कुकरसारखा फुसफुसतोय. इतरांना आपल्या परीक्षेचे दिवस वह्या-पुस्तकांनी आठवतात. मला ते पाल्याने आठवतात.

माझा प्रकल्प होता कडुलिंबाच्या पानांतले रासायनिक घटक आणि त्यांच्या अर्काचा जिवाणूंवर होणारा परिणाम. वर्गात कुणी करंज घेतला होता, कुणी सीताफळ, कुणी पेरूची पानं. आमच्या गाइड मॅडम बारीक चणीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या आणि त्यामुळेच जास्त धाक असलेल्या. त्यांनी विचारलं, "कडुलिंबावर इतकं काम झालंय. परत तोच का?"

"आमच्या बांधावर आहे, मॅडम."

"हे काही शास्त्रीय कारण नाही."

"पाला हवा तेवढा मिळेल."

त्या हसल्या आणि त्यांनी सही केली. खरं कारण मी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात लिंबावाचून काही होत नसे. गोवर आला की अंथरुणाखाली लिंबाचा पाला, खरूज झाली की आंघोळीच्या पाण्यात पाला, गुरांच्या जखमेवर पाला, धान्याच्या कणगीत पाला. आईचा त्याच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्या डॉक्टरवर नव्हता. आणि मी पाच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेली. मला तो विश्वास काचेच्या बशीत घालून बघायचा होता. तो खरा ठरेल याची मला खात्री होती. खोटं कशाला बोलू, तो खरा ठरावा असंच मला वाटत होतं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, आणि गाव म्हणण्यापेक्षा वस्तीच. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात. टेम्पोत पोरंबाळं, भांडी, कोंबड्या घालून माणसं ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. माझे आई-वडीलही बारा-तेरा वर्षं गेले. आईचे गुडघे गेले तेव्हा थांबले. पण त्या वर्षांनी आईला एक सवय लावली ती लावलीच. पाच-सहा महिने घर बंद राहणार, परत आल्यावर खायला मागे ठेवलेलं धान्यच असणार. त्याला कीड लागली तर काय करणार? म्हणून निघायच्या आधी ती डाळीला, तांदळाला, जे जे टिकायला हवं त्या सगळ्याला बोरिक पावडर चोळायची. तालुक्याच्या बाजारातून पावडरीचे डबे आणायची आणि परातीत धान्य घेऊन दोन्ही हातांनी घोळायची. परत आल्यावर तीन-चार पाण्यांनी धुऊन ते शिजायचं. ऊसतोड सुटली तरी हात सुटले नाहीत. तिच्या लेखी टिकवणं म्हणजे पावडर लावणं.

माघ लागताच मी गावी गेले आणि तिला सगळं नीट समजावून सांगितलं. जून, गडद हिरवी पानं घ्यायची. कोवळी नकोत, पिवळी नकोत. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायची. उन्हात वाळवायची नाहीत, सावलीत, वाऱ्यावर. मग सुती पिशवीत भरून ठेवायची. आई ऐकत होती, मध्येमध्ये मान हलवत होती. शाळेत ती दुसरीपर्यंत गेलेली. माझ्या शिक्षणातलं काही आपल्या हातात येतंय हे तिला पहिल्यांदाच घडत होतं, आणि तिने ते इतकं मनावर घेतलं की पाल्यावर धूळ नको म्हणून ओटीवर वडिलांना पाय टाकू दिला नाही.

निघताना मी दारातून म्हणाले, "आई, मला यायला तीन आठवडे लागतील. तोवर पाला टिकला पाहिजे बरं का."

"त्याची तू काळजीच करू नको, मने," ती म्हणाली. "साल टिकंल असा ठेवते."

मी मनीषा, पण आईची मनीच. ते वाक्य ऐकून मी खुशीत एसटीत बसले. करंजी घाट उतरेपर्यंत मनातल्या मनात प्रबंधाची प्रस्तावनाही लिहून झाली होती.

पिशवी आणली तेव्हा पाला सुंदर वाळला होता. बोटांत चुरला की कुरकुर वाजायचा. त्यावर जरा पांढुरकी भुकटी होती. मी ती बघितली होती, हे कबूल करते. ओटीवरची धूळ, वाळलेल्या पानाची पूड, असं काहीतरी असेल म्हणून सोडून दिली. पाच वर्षं मला ज्यांनी 'बघ आणि विचार' एवढंच शिकवलं, त्यांच्या सगळ्या शिकवणीवर मी त्या क्षणी पाणी सोडलं.

मग ते दिवस! हॉस्टेलच्या मिक्सरमध्ये मी पाला दळला आणि पुढचे आठ दिवस सगळ्या मुलींनी कडू चटणी खाल्ली. मला शिव्या घालत खाल्ली, पण खाल्ली. थोडी पूड पाण्यात, थोडी मेथनॉलमध्ये भिजत घातली. गाळणकागदातून गडद हिरवा थेंब पडताना बघत बसायला मला आवडायचं. पाण्यातला अर्क काळपट, घरच्या काढ्यासारखा. मेथनॉलमधला हिरवागार, चकाकणारा. मग एकेका परीक्षानळीत घटकांची ओळख परेड. फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले की काळसर हिरवा रंग, म्हणजे टॅनिन. नळी जोरात हलवली की शिकेकाईसारखा फेस, तो बराच वेळ बसत नाही, म्हणजे सॅपोनिन. अल्कली टाकली की पिवळा रंग, आम्ल टाकलं की तो नाहीसा, म्हणजे फ्लेव्होनॉइड. लहानपणी तोंड वेडंवाकडं करून गिळलेल्या कडूपणाला अशी वेगवेगळी नावं मिळत होती आणि मला फार मजा वाटत होती.

शेवटी बशी. बशीतल्या जेलीसारख्या अगरवर जिवाणू सारखे पसरायचे, त्यात गोल भोकं पाडायची, भोकांत अर्क भरायचा आणि बशी चोवीस तास उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जिवाणूंची दुधट साय धरते. अर्कात दम असेल तर भोकाभोवती ती धरत नाही, तिथे स्वच्छ गोल रिंगण राहतं. ते पट्टीने मोजायचं. बस, एवढाच सगळा न्याय. माझ्या बशीत मेथनॉलच्या अर्काभोवती बारीकसं रिंगण होतं. आणि पाण्याच्या अर्काभोवती भलंथोरलं. चोवीस मिलिमीटर! मी तीनदा पट्टी लावली. करंजवाली, सीताफळवाली, पेरूवाली, सगळ्या माझ्या टेबलाभोवती गोळा झाल्या. मी जिन्यात पळत जाऊन आईला फोन लावला.

"आई, आपला लिंब पहिला आला!"

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वस्तीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी फोनवर सांगितलं, की आई दळण घेऊन गिरणीत गेली ती तासभर आलीच नाही, तिथे बसून सगळ्यांना लिंबाचं सांगत होती.

सुप्याच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुली कधीकधी अशाच धावत येतात. "मॅडम, रिझल्ट एकदम भारी आलाय." मी म्हणते, "भारी आलाय ना? मग आधी त्याच्यावर संशय घे." त्यांना वाटतं मी खडूस आहे. आहेच. माल अडवला की उत्पादन विभागाचे साहेब येऊन टेबलापाशी उभे राहतात, आवाज चढवतात, ट्रक थांबलाय म्हणून सांगतात. मी रिपोर्ट पुढे सरकवते आणि चहा पिते. माझा आवाज त्या वेळी चढत नाही, हे मी मॅडमांकडून उचललं आहे. त्यांनी माझी बशी हातात घेतली तो दिवस मला अजून दिसतो. त्यांनी ती खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितली आणि काहीच कौतुक केलं नाही.

"मनीषा, बहुतेक वेळा कुठला अर्क जास्त चालतो? पाण्याचा की मेथनॉलचा?"

"मेथनॉलचा."

"मग तुझं उलटं का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "झाड खोटं बोलत नाही. पण पाला इथपर्यंत कसा आला ते विचार. कुणी तोडला, कुठे ठेवला, काय लावलं."

जिन्यातूनच मी परत फोन लावला. तीच पायरी, तोच कोपरा. आईचा आवाज अजून आनंदात होता.

"आई, पाल्याला काही लावलं होतंस का गं?"

"कायबी न्हाई. धुतला, सावलीला वाळवला. तू सांगितलं तसंच."

"आणि मग?"

"मंग काय, पावडर लावली की. अख्खा डबा लावला. तूच म्हनलीस ना, टिकला पायजे. येक अळी न्हाई लागली बघ!"

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. लॅबमध्ये येऊन उरलेल्या पुडीतली चिमूटभर काचेच्या वाटीत घेतली, वर मेथनॉल ओतलं, मॅडमांना बोलावलं आणि काडी लावली. बोरॉन असेल तर मेथनॉलची ज्योत हिरवी होते, बी.एस्सी.च्या मुलांनाही हे ठाऊक असतं. ज्योत कडेने हिरवी झाली. पानाच्या हिरव्यापेक्षा कितीतरी सुंदर, झगझगीत हिरवी. अर्क आटवताना मेथनॉलमधून बोरॉन बाष्पासोबत उडून जातो आणि पाण्यात राहतो, म्हणून माझा पाण्याचा अर्क इतका पराक्रमी. ते रिंगण लिंबाचं नव्हतंच. ते आईच्या सवयीचं होतं. मला रडू आलं आणि मी रडले, मॅडमांच्या समोरच.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "जमा करायला महिना आहे. काय करायचं ते तू ठरव."

हॉस्टेलवर एक मैत्रीण म्हणाली, अगं कुणाला कळणार आहे, लिहून टाक चोवीस. बाहेरून येणारे परीक्षक काही तुझ्या आईला फोन लावणार नाहीत. ती वाईट मुलगी नव्हती, आणि तिचं म्हणणं मला दोन दिवस पटलंही होतं. कारण खोडायचा होता तो नुसता आकडा नव्हता. आकडा खोडला की आईला सांगावं लागणार होतं, की तू केलेलं सगळं काम वाया गेलं आणि ते तुझ्याच हाताने गेलं. गिरणीत बसून ज्यांना ज्यांना तू सांगितलंस, ते सगळं खोटं. आयुष्यात एकदा तिने माझ्या अभ्यासाला हात लावला होता. चोवीस ठेवावे तर प्रबंध खोटा, खोडावे तर आई खोटी. तिसरा रस्ता मला दिसत नव्हता.

आणि झाड कुणासाठी थांबत नाही. फाल्गुन लागला तशी मी गावी गेले. बांधावरचा लिंब पार झडला होता. खाली पिवळ्या पाल्याचा थर, वर नुसत्या काटक्या. जून पानं आता पुढच्या पावसापर्यंत मिळणार नव्हती. वस्तीतली कुलपं अजून तशीच होती, ज्वारीची काढणी चाललेली होती. आई कडब्याच्या पेंढ्यांचे पाचुंदे बांधून झाडाखाली टेकली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं होतं ती रडेल. ती भडकली.

"मंग आदी सांगायचं ना, पावडर लावू नको म्हनून! इतकं शिकलीस आन येवढं सांगता येईना?"

"चुकलंच माझं."

"चुकलंच तुझं. टिकव म्हनलं तर मी टिकवनारच. मला काय म्हाईत तुझ्या बशीतलं?"

तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पाला कसा वाळवायचा ते मी शंभरदा सांगितलं होतं, पण 'टिकव' या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ काय हे मलाच आठवलं नव्हतं, आणि मी त्याच घरात वाढले होते. राग उतरला तेव्हा तिने वर काटक्यांकडे बघत विचारलं.

"म्हंजे समदं पावडरीचंच हुतं? लिंबाचं कायच न्हवतं?"

"माहीत नाही, आई. परत बघावं लागेल."

"तुमा चौघा भावंडांच्या गोवराला म्या ह्योच पाला घातला," ती म्हणाली. "मला बघायचंय."

फाल्गुनाच्या उत्तरार्धात लिंबाला तांबूस, तेलकट चकाकीची पालवी फुटते. ती थोडी हिरवी होऊन निबर झाली तशी आईने तोडली, धुतली, सावलीत वाळवली आणि स्वतः एसटीने नगरला घेऊन आली. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. सावेडीत मावशीकडे उतरली आणि निकाल लागल्याशिवाय हलायचं नाही असं तिने जाहीर केलं. रोज संध्याकाळी मी मावशीकडे गेले की पहिला प्रश्न, "आलं का?" भिजत घातलंय, गाळलंय, आटवलंय, बशीत घातलंय, मी रोज एक पायरी सांगायची. मावशी म्हणायची, अगं ही लेकीची परीक्षा आहे का तुझी? आई म्हणायची, "लिंबाची."

कोवळ्या पानांत रंग फिके आले, फेसही कमी आला. मी ते तसंच लिहिलं. वर एक परिच्छेद जोडला, की आधीचा पाला कसा साठवला होता, त्याला काय लावलं होतं, आणि आमच्या भागात ते का लावतात. तो लिहिताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. त्या प्रबंधात मला अगदी आतून ठाऊक असलेलं एवढंच होतं. मॅडमांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. आजही कुणी मला विचारलं, की तुझ्या कामातलं सगळ्यात चांगलं काय, तर मी तोच परिच्छेद दाखवेन.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडमांनी आईला लॅबमध्ये बोलावलं. नऊवारीवर पांढरा ॲप्रन चढवून ती टेबलापाशी उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, कशालाही न शिवता. मी झाकलेली बशी तिच्यासमोर धरली. मी त्यात तीन भोकं पाडली होती. बशीभर दुधट साय धरली होती आणि एका भोकाभोवती मोठं रिंगण लांबूनही दिसत होतं.

"ही पावडर?" तिने विचारलं.

"व्हय. नुसती पावडर, पाण्यात."

"आन ह्ये, काय न्हाई झालेलं?"

"साधं पाणी."

तिसऱ्या भोकावर ती वाकली. मॅडमांनी खिडकीचा पडदा सरकवला. उजेड आला तेव्हा लिंबाच्या अर्काभोवतीची कड दिसली. अगदी अरुंद. मी पट्टी लावली. भोकासकट नऊ मिलिमीटर.

"येवढंच?"

"एवढंच, आई."

तिने पाठीमागचे हात सोडले, बशी माझ्याकडून स्वतःच्या हातात घेतली आणि खिडकीकडे धरली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात मुलींचा गलका चालू होता. तिने बशी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, पुन्हा सरळ केली.

"पर हाय ना?"

"हाय."

"पानी घातलंय तिथं कायच न्हाई, आन हितं हाय."

"व्हय."

तिने बशी माझ्या हातात परत दिली आणि पदराने डोळे पुसले. मग शेजारी उघड्या पडलेल्या माझ्या वहीकडे बोट केलं.

"मंग तेवढंच लिही. जादा लिहू नको."

मी लिहिलं.